सैल हात

कांदे चिरून केव्हाच झाले होते, तरी शारोल्ता अंगणातल्या टेबलाशी सुरी हातात धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आज त्याला कांद्याचं निमित्त होतं, एवढीच काय ती सोय. समोर तिचा नवरा गेल्लेर्त तिवईला टांगलेल्या कढईखाली लाकडं सारत होता. डॅन्यूबवरून उठलेलं धुकं थेट अंगणापर्यंत आलं होतं आणि ओली लाकडं काही केल्या पेट घेत नव्हती.

"फोन कुणाचा होता?" त्याने मागे न बघता विचारलं.

"तार्नाईबाईंचा. बाबांना नामदिनाच्या शुभेच्छा द्यायला. आज काल्मान नावाचा दिवस ना."

"एवढ्या सकाळी?"

"शुभेच्छा देऊन झाल्यावर म्हणाल्या, उद्यापासून त्यांच्या मुली क्लबात येणार नाहीत. बाकीच्या पालकांशीही बोलणं झालंय म्हणे. सगळे मिळून लेहेलकडे चाललेत."

गेल्लेर्तने फुंकणी खाली ठेवली. "दातांची डॉक्टरीण ती. दुखणार नाही म्हणायचं आणि उपटायचं, तिचा धंदाच तो."

शारोल्ताला हसू आलं नाही. लेहेल म्हणजे तिचाच धाकटा भाऊ. तार्नाईबाई गोड बोलल्या होत्या हे खरं, पण खोटं काही बोलल्या नव्हत्या. कालच्या जिल्ह्याच्या तलवारबाजी स्पर्धेत त्यांच्या हर्मात क्लबची सगळी मुलं पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. हरणं तिने पाहिलं होतं. काल जे पाहिलं ते निराळं होतं. मुलं लढतीच्या पट्टीवर सुंदर उभी राहत होती, पाय अगदी जिथे हवा तिथे, तलवारीची मूठ हवी तेवढीच वर. आणि मग वाट बघत होती. समोरचा हात जरा बाजूला घेईल, छाती उघडी टाकेल, मग आपण वार करू, अशी. समोरचा कशाला उघडी टाकतोय? तो सरळ येऊन डोक्यावर वार करत होता. आणि सगळ्यांत वाईट वाट बघणारी तिची स्वतःची मुलगी होती. बोरोका सोळा वर्षांची. तिच्यावर क्लबची सगळी भिस्त होती. तिसऱ्या लढतीनंतर तिने मुखवटा काढला तेव्हा ती रडतही नव्हती. आईकडे बघून तिने एवढंच विचारलं होतं, "त्यांना कुणी सांगितलं नाही का, मला जागा द्यायची असते म्हणून?"

घरी आल्यावर शारोल्ताने वडिलांना सांगितलं, पंच नवे होते. गुडघ्यांमुळे काल्मान मास्तर आता परगावी जात नसत. त्यांनी मान हलवली होती आणि दिवा मालवला होता.

"हॉलच्या कराराचं काय?" गेल्लेर्त म्हणाला.

"उद्या सकाळी नगरपालिकेत सही."

"तीन वर्षांचा करार. आणि हॉलमध्ये असणार कोण? बाबा आणि खुर्च्या?"

ती उठली आणि कांदे कढईत लोटले. राजवट बदलली, सूतगिरणी विकली गेली, गिरणीचा क्लब एका पत्राने बंद झाला, तेव्हा बाबांनी तलवारींच्या पेट्या हातगाडीवर घालून घरी आणल्या होत्या. या गावात कुणी स्वतःचा क्लब काढून पोट भरेल ही कल्पनाच तेव्हा कुणाला नव्हती. हॉलसाठी गिरणीचं जेवणघर भाड्याने घेतलं ते तिने. मुलांचे कोट घरच्या यंत्रात धुतले ते तिने. सॉसेजवाल्याकडून मुखवट्यांचे पैसे मिळवले, शाळाशाळांतून फिरून मुलं गोळा केली. बाबा धडा देत आणि बाकीचं सगळं ती. आणि अजूनही हॉलची किल्ली खिशात नसली की तिला चुकल्याचुकल्यासारखं होई.

फाटक वाजलं. इर्माआत्या सायकल ढकलत आत आली, पुढच्या टोपलीत फडक्याखाली खारे पोगाचे, छोटे गोल पाव. बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण सायकल काही सोडायची नाही.

"धूर काय करून ठेवलाय हा? जावईबापू, रेल्वेत एवढी वर्षं काढली, पण कोळसा पेटवायला शिकला नाहीत."

"मी सिग्नलला असतो, आत्याबाई. इंजिनात नाही."

"तरीच गाड्या थांबतात." तिने टोपली टेबलावर ठेवली, शारोल्ताचा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला. "मला कळलंय सगळं. बेकरीत कळलं. आणि आता रागावू नकोस. मी लेहेलला जेवायला बोलावलंय."

शारोल्ताच्या हातातला झारा थांबला.

"आत्या, आजच?"

"मग कधी? मी मेल्यावर? सहा वर्षं एका गावात राहून बापलेक रस्ता बदलून चालतात. काल्मान नावाच्या दिवशी काल्मानचा मुलगा घरी नको? एक वेळ माझ्या नावाचा दिवस विसरा, चालेल."

"कुणीच विसरत नाही. तू आठवडाभर आधीपासून आठवण करून देतेस," गेल्लेर्त म्हणाला.

"म्हणूनच विसरत नाही."

लेहेल वेळेवर आला. हेही त्याचं नेहमीचं. लहानपणापासून भाऊ वेळेवर आणि बहीण उशिरा. त्याच्या हातात जर्दाळूच्या दारूची, पालिंकाची बाटली होती. फाटकाच्या आत येऊन तो थांबला, जणू पट्टीच्या सीमारेषेवर उभा आहे. बाबा दारात आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शारोल्ताला वाटलं, आता काहीतरी होणार, पण बाबा म्हणाले, "बूट काढून ये. तुझ्या आईनंतर फरशी मीच पुसतो."

लेहेलने बूट काढले.

जेवण आत होतं. आधी ताटलीत शेवया, त्यावर लालभडक रस्सा, माशाचे तुकडे वेगळ्या थाळीत. ज्याचा नामदिन त्याला कार्पचं डोकं. बाबांनी डोकं आपल्या ताटलीत घेतलं, नेहमीसारखंच गालाचं मऊ मांस काढून बाजूला ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"बोरोका?"

"येते म्हणाली," शारोल्ता म्हणाली. ती तसं म्हणाली नव्हती. दाराआडून काहीच म्हणाली नव्हती.

पालिंकाचे लहान पेले भरले गेले, सगळ्यांनी बाबांच्या आरोग्यासाठी उचलले. इर्माआत्याने आपला एका घोटात संपवला आणि लेहेलच्या पायावर टेबलाखालून पाय मारला. तो मारल्याचं सगळ्यांना कळलं.

"बाबा," लेहेल म्हणाला, "मी भांडायला नाही आलो."

"मग काय आणलंस? बाटलीशिवाय?"

"पालक माझ्याकडे आले होते. मी त्यांना बोलावलं नाही, हे आधी सांगतो."

"बोलावलं नाहीस, पण दारही लावलं नाहीस," शारोल्ता म्हणाली.

"ताई, दार कशाला लावू? मी पण हाच धंदा करतो. शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलवाले गेल्यावर, त्यांच्या घामाच्या वासात." त्याने चमचा खाली ठेवला. "मी म्हणतो, एकत्र करू. हॉल तुमचा. पाटी हर्मातचीच राहील. कारभार तू बघ, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. धडे मी देईन."

"आणि बाबा?" गेल्लेर्तने विचारलं. त्याचा आवाज शांत होता, पण पेला त्याने उलटा ठेवला होता.

"बाबा असतील की. लहान मुलांना उभं राहायला शिकवतील. सलाम करायला शिकवतील."

"म्हणजे खुर्ची," गेल्लेर्त म्हणाला.

"दाजी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी पडतो कुठे? मी दहा वर्षं या घरातले कोट वाळत घालतोय."

इर्माआत्या सकाळपासून लेहेलच्या बाजूने होती. पण भावाला कुणी खुर्चीत बसवावं हे तिला झेपलं नाही. तिने पोगाच्याची ताटली लेहेलच्या पुढून सरळ उचलून घेतली. "सलाम करायला शिकवतील. तुला मूठ धरायला कुणी शिकवलं रे? बास्केटबॉलवाल्यांनी?"

"आत्या, तूच बोलावलंस ना मला?"

"जेवायला बोलावलं. बापाला पेन्शनीत काढायला नाही."

बाबा माशाचे काटे काढत होते. शारोल्ता त्यांच्याकडे बघत होती आणि मनात हिशेब मांडत होती, याची तिला स्वतःलाच लाज वाटली. लेहेल आला तर मुलं राहतील. मुलं राहिली तर सही करता येईल. प्रस्ताव वाईट नव्हता. तिच्या कुण्या मैत्रिणीला असा प्रस्ताव आला असता तर तिने डोळे मिटून घे म्हणून सांगितलं असतं. ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात बोरोका खाली आली.

केस ओले, अंगात कालचाच स्वेटर. तिने आजोबांच्या गालांचं चुंबन घेतलं, नामदिनाच्या शुभेच्छा दिल्या आणि खुर्चीवर न बसता खुर्चीमागे उभी राहिली.

"आजोबा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही माझे वार मुद्दाम लागू देत होतात का?"

बाबांनी काटा खाली ठेवला. "धड्यात मास्तर जागा देतोच. त्याशिवाय वार शिकणार कसा?"

"ते माहीत आहे. मग ती जागा लहान लहान करत न्यायची असते. मामाकडची मुलं मला काल सांगत होती. शेवटी जागाच राहत नाही, ती आपण करायची असते." ती लेहेलकडे बघत नव्हती. "माझी लहान झालीच नाही. आठ वर्षं झाली."

याचं उत्तर बाबांखेरीज खोलीत एका शारोल्तालाच पुरतं माहीत होतं. क्लबचा तिसरा हिवाळा. बाबांच्या धड्यात महिना महिना एकही वार लागत नसे आणि मुलं गळत होती. गिरणीच्या क्लबात ते चालायचं, तिथे कुणी पैसे भरत नव्हतं. तिने एका संध्याकाळी त्यांना सांगितलं होतं, बाबा, प्रत्येक मूल घरी हसत गेलं पाहिजे. शेवटचे पाच वार लागू द्या. पाचच. त्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. मग ती म्हणाली होती, मी नऊ वर्षांची असताना सोडून दिलं, आठवतं? तुम्हाला एकदाही माझा वार लागला नाही म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मुलं हसत घरी जायला लागली. पाचाचे दहा कधी झाले आणि मग सगळा धडाच तसा कधी झाला, तिने बघितलं नाही. मुलं टिकत होती. लेहेल तेव्हा ओरडला होता, तुम्ही यांना तलवार नाही, टाळ्या शिकवताय. आणि वर्षभराने गेला होता.

"मी सांगितलं होतं त्यांना," शारोल्ता म्हणाली. "क्लब चालायला हवा होता."

बोरोकाने आईकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मला पण? मी तर कुठे पळून जाणार होते?"

"चल," बाबा म्हणाले. ते उठले होते. रस्सा अर्धा तसाच होता. "हॉलवर चल. बंद जागेचा धडा देतो तुला. लेहेल, तूही ये. मग ठरवू कोण खुर्चीत बसतं ते."

"बाबा, गुडघे," शारोल्ता म्हणाली.

"गुडघ्यांनी नाही लढत कुणी."

हॉल दोन गल्ल्या सोडून होता. जेवणघराच्या भिंतींवरचा कोबीचा वास इतक्या वर्षांनीही गेला नव्हता. रविवारी तापवलेलं नसल्यामुळे तो थंडीत जास्तच जाणवत होता. गेल्लेर्तने दिवे लावले. बाबांनी धड्याचा कातडी कोट चढवला, त्याचे पाठीमागचे बंद शारोल्ताने आवळले. छातीवर आणि उजव्या बाहीवर कातडं वारांनी पांढरं पडलं होतं. हा कोट घातला की त्यांचा बाक जायचा, आजही गेला.

"आज काही उघडू नका," बोरोका म्हणाली. "मारा मला. चुकले तर मारा."

"सलाम," बाबा म्हणाले.

दोघांनी तलवारी उचलून सलाम केला, मुखवटे खाली ओढले. बाबा एक पाऊल पुढे आले. पाऊल चांगलं होतं. इर्माआत्याने बाकावरून मान डोलावली. आणि पुढच्या क्षणी बोरोकाचा वार त्यांच्या बाहीवर बसला होता.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुन्हा बाही. तिसऱ्यांदा त्यांनी मूठ खाली घेतली, आता बरगडी. शारोल्ताला तलवारबाजीतलं सगळं कळत नसे, पण हे कळलं. पाऊल टाकण्याच्या आधी त्यांचं मनगट किंचित बाहेर कलत होतं. दाराची कडी आतूनच कुणी काढावी, तसं. त्यांना ते नको होतं. त्यांचे खांदे ताठ झाले होते, मान आवळली होती. सगळं शरीर बंद करत होतं आणि एक हात तेवढा उघडत होता.

"बाबा, मनगट," लेहेल हलकेच म्हणाला.

"मला कळतंय."

त्यांनी मुखवट्यातून श्वास घेतला, दोन पावलं मागे गेले, पुन्हा आले. बाही. पुन्हा आले. बाही. गेल्लेर्त खिडकीबाहेर बघायला लागला, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मग बदल झाला. बोरोकाचा वार त्यांच्या मुठीच्या लोखंडी कवचावर आपटला आणि खणकन आवाज आला. बाबांनी उलट वार केला तो तिच्या खांद्यावर बसला. पुढच्या खेपेला पुन्हा कवच, आणि पुन्हा त्यांचा वार, या वेळी तिच्या मुखवट्यावर. मग आणखी एकदा.

"बघा," इर्माआत्या म्हणाली. "यंत्र जुनं असलं की तापायला वेळ लागतो."

"लेहेल, खुर्ची तुलाच लागणार बहुतेक," गेल्लेर्त म्हणाला, आणि खरंच हसला.

शारोल्ताच्याही छातीवरचं ओझं हललं. उद्या सही करावी, तार्नाईबाईंना बोलवावं आणि हे दाखवावं, असं तिच्या मनात येऊनही गेलं. तिने भावाकडे पाहिलं. लेहेल बाबांकडे बघतच नव्हता. तो बोरोकाकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून.

बाबा थांबले. त्यांनी मुखवटा वर ढकलला. चेहरा घामाने निथळत होता.

"बोरोका. आत्ता फट कुठे होती?"

तिने तलवार खाली केली.

"कुठे होती?"

"कोपराच्या खाली."

"दिसली तुला?"

"हो."

"मग तलवार कवचावर का मारलीस?"

तिने मुखवटा काढला नाही. जाळीमागे तिचं तोंड दिसत नव्हतं, आवाज मात्र आला. "तुम्ही दमला होतात."

"किती वेळा सोडलीस? सगळ्या वेळा?"

"आजोबा..."

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "मला आधी कळलं नाही इतकं सफाईने केलंस. एवढी वर्षं मी तुला तेच शिकवलं, दुसरं शिकवलंच नाही." त्यांनी तलवार डाव्या हातात घेतली आणि लेहेलकडे वळले. "हिला घे तू. सगळ्यांनाच घे. पण हॉल घेऊ नको. इथे माझी पाटी लावून तू दुसरं काही शिकवलंस तर लोक मलाच चांगलं म्हणतील. ते नको मला."

"बाबा, आपण तसं न करता..." लेहेल पुढे झाला. तो आला होता तेव्हा जिंकायला आला होता, असं शारोल्ताला वाटलं होतं; आता त्याचे डोळे भरले होते. "हाताचं काय, महिन्याभरात बसेल. मी बसवून देतो. तुम्हीच मला बसवून दिला होता."

"तेव्हा तू बारा वर्षांचा होतास."

"काल्मान," इर्माआत्या म्हणाली आणि बाकावरून उठली.

बोरोकाला लेहेल बाहेर घेऊन गेला. गेल्लेर्त आत्याला आधार देऊन निघाला, दारातून जाताना तो बायकोच्या कानाशी म्हणाला, "सही करू नकोस." तिने मान हलवली. तिला ते कुणी सांगायला नको होतं.

हॉलमध्ये दोघंच राहिले. तिने भिंतीवरच्या तलवारी मोजल्यासारख्या केल्या, मोजल्या नाहीत.

"मी सांगितलं नसतं तर," ती म्हणाली.

"तुझं एवढं काय ऐकत होतो मी?" बाबा बाकावर टेकले. "पहिल्या वर्षी ऐकलं. नंतर मला आवडायला लागलं. गिरणीच्या क्लबात पोरं मला घाबरायची. इथे हसत अंगावर धावून यायची. धडा संपला तरी कोट काढू नका म्हणायची. म्हाताऱ्या माणसाला कोण असं धावून येतं, शारी?" त्यांनी हातमोजा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटायचं, पाहिजे तेव्हा मूठ आवळता येईल. आपलाच तर हात."

तिने त्यांच्या पाठीशी जाऊन बंदांना हात लावला.

"राहू दे. बाहेर थंडी आहे. घरी जाऊन काढू."

मग ते तसेच निघाले, रविवार दुपारच्या गावातून, अंगात पांढरा पडलेला कातडी कोट. धुकं अजून होतंच. औषधांच्या दुकानाशी कुणीतरी टोपी उचलून म्हणालं, "नामदिनाच्या शुभेच्छा, मास्तर." कुणीतरी विचारलं, "आज सुट्टीच्या दिवशीही धडा?" बाबा सगळ्यांना मान लववत होते. शारोल्ता त्यांच्या दंडाला धरून चालली होती आणि उद्या नगरपालिकेत काय बोलायचं ते जुळवत होती. वाक्य जुळत नव्हतं.

पुलाच्या अलीकडे समोरून एक माणूस सायकल ढकलत येत होता. बरोबर त्याची मुलगी, पन्ना. सप्टेंबरात नवी आलेली, सात वर्षांची, कालच्या स्पर्धेशी हिचा संबंध नव्हता. मास्तर दिसताच ती बापाचा हात सोडून धावली, मिटलेली छत्री तलवारीसारखी पुढे धरली, आणि सलाम करायला न विसरता तिने छत्री बाबांच्या बरगडीवर मारली.

"लागला," ती म्हणाली.

शारोल्ताने पाहिलं होतं. छत्री येण्याच्या आधीच बाबांचा हात बाजूला गेला होता.

"लागला," बाबा म्हणाले.

"उद्या पाच वाजताच ना, बाई?" मुलीच्या बापाने विचारलं.

शारोल्ता त्याच्याकडे वळली. "उद्या नाही. आपला क्लब बंद होतोय. उद्यापासून माझ्या भावाकडे आणा हिला, पुलापलीकडच्या शाळेत. वेळ तीच. चांगला मास्तर आहे."

माणूस गोंधळला, काहीतरी विचारायला लागला. पण पन्नाने आधी विचारलं, "ते लागू देतात?"

"नाही," शारोल्ता म्हणाली. "सहज नाही देत."

पन्नाने छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं आणि विचार केला.

"मग मला नाही जायचं."

"लहान आहे," बाप हसून म्हणाला. "जाईल. सवय होईल." त्याने तिला पुढच्या दांडीवर बसवलं, निरोप घेतला आणि सायकल धुक्यात गेली. मुलगी मागे वळून बघत होती, बराच वेळ, निदान शारोल्ताला तरी ती दिसेनाशी झाल्यावरही बघत असावी असं वाटलं.

बाबा उभेच होते. हात अजून तसाच, अंगापासून थोडा दूर.

"बाबा, चला."

"हो," ते म्हणाले, पण हलले नाहीत. तिने तो हात धरला, त्यांच्या अंगाला लावला, आणि घरी पोचेपर्यंत धरून ठेवला.